मेण, घनसाळ आणि धूळवाफ

बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेला विद्यार्थी अभ्यासक्रम पहिल्यांदा हातात घेतो तेव्हा एका शब्दापाशी अडखळतो. पेपरचं नाव असतं 'आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञान'. त्याला वाटतं, आता आजच्या जगाचं काहीतरी येणार. पान उलटतो तर पहिलंच नाव रने देकार्त, जन्म १५९६. शेवटचं नाव इमॅन्युएल कांट, मृत्यू १८०४. यादीतला सगळ्यांत अलीकडचा माणूससुद्धा दुसऱ्या बाजीरावाच्या काळात वारलेला. मग यात आधुनिक ते काय?

जुनी मराठी पुस्तकं याच विषयाला 'अर्वाचीन' म्हणत. तो शब्द मला बरा वाटतो, कारण तो काळ सांगून थांबतो. 'आधुनिक' म्हटलं की त्यात एक दावा येतो: या माणसांनी विचार करण्याची रीतच बदलली आणि आपण अजून त्याच रीतीत आहोत. हा दावा कितपत खरा, हे तपासणं हाच या पेपरचा अभ्यास. विद्यार्थ्याला मात्र तो बहुतेक वेळा सात नावांची आणि प्रत्येक नावाखालच्या पाच मुद्द्यांची यादी म्हणून भेटतो. माझंही तसंच झालं. देकार्तची संशयपद्धती मी मुद्द्यांसकट पाठ केली, पेपर लिहिला, बरे गुणही मिळाले. त्याचं पुस्तक हातात पडलं ते निकालानंतर. पातळ, जेमतेम सहा प्रकरणांचं पुस्तक. ते आधी कुणी हातात दिलं असतं तर पाठांतराची वेळच आली नसती, असं अजून वाटतं.

म्हणून या प्रकरणात मी यादी देणार नाही. आजऱ्यात राहणाऱ्या वाचकाला हाताशी असलेल्या तीन वस्तू घेऊन या विषयात शिरता येतं का, ते पाहू.

आजरा संकेश्वर–बांदा रस्त्यावर आहे. एका बाजूला गडहिंग्लज, संकेश्वर आणि पुढे घाटमाथ्याची मोठी गावं. दुसऱ्या बाजूला हिरण्यकेशीच्या उगमाकडे चढत जाणारा रस्ता आंबोलीला पोचतो आणि घाट उतरून सावंतवाडीला. तिथून वेंगुर्लं जवळ. वेंगुर्ल्यात डच वखारीची पडकी इमारत आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीनं तिथे बस्तान बसवलं ते १६३७च्या सुमारास. त्याच १६३७ साली हॉलंडमधल्या लायडन शहरात देकार्तचं पहिलं पुस्तक छापून निघालं. विचार नीट कसा करावा याची पद्धत सांगणारं, आणि विद्वानांची लॅटिन सोडून साध्या फ्रेंचमध्ये लिहिलेलं. देकार्त फ्रेंच असला तरी आयुष्यातली वीसेक वर्षं तो हॉलंडमध्ये राहिला. ज्या देशाची गलबतं मिऱ्याच्या शोधात आपल्या कोकणपट्टीला लागत होती, त्याच देशात बसून तो लिहीत होता. स्पिनोझा तर ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्याचाच मुलगा, जन्म १६३२. शिवाजी महाराजांपेक्षा दोन वर्षांनी लहान. जॉन लॉकचंही जन्मवर्ष तेच. देकार्त १६५०च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला वारला, आणि तुकोबांचं निर्वाणही त्याच सुमाराचं. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही. पण देकार्त म्हणजे कुठलातरी दूरचा, धुक्यातला माणूस ही समजूत त्यानं जाते.

आता पहिली वस्तू, मेण.

आजऱ्याच्या शेजारी भुदरगड तालुक्यातलं पाटगाव 'मधाचं गाव' म्हणून ओळखलं जातं. या साऱ्या डोंगरपट्ट्यात मोहोळ कुणाला नवं नाही. मध पिळून घेतल्यावर हातात उरतो तो मेणाचा गोळा डोळ्यांसमोर आणा. १६४१ साली देकार्तनं 'चिंतनं' प्रसिद्ध केली, त्यातल्या दुसऱ्या चिंतनात तो नेमका हाच गोळा हातात घेतो. पोळ्यातून नुकतं काढलेलं मेण. त्याला अजून मधाची चव आहे, फुलांचा वास आहे. रंग, आकार, घट्टपणा आहे. हाताला गार लागतं. बोटाच्या पेरानं ठोकलं तर आवाज येतो. तो ते विस्तवाजवळ नेतो. चव जाते, वास उडतो, रंग बदलतो, आकार मोडतो, ते पातळ होतं, चटका बसतो, ठोकलं तर आवाज नाही.

मग देकार्त विचारतो, मेण तेच आहे का? सगळे म्हणतील, तेच. पण डोळ्यांनी, नाकानं, जिभेनं, हातानं जे जे कळलं होतं ते सगळं बदललं. मग 'तेच' हे कुणी सांगितलं? इंद्रियांनी नाही, त्यांची साक्ष तर फिरली. कल्पनाशक्तीनंही नाही, कारण मेण किती आकार घेऊ शकतं ते सगळे आकार डोळ्यांसमोर आणणं कुणालाच शक्य नाही. म्हणून, तो म्हणतो, हे मेण बुद्धीला कळलं. पाहिल्यासारखं वाटलं, पण खरं तर तो निवाडा होता.

हा उतारा मी वाचकाला एकदा प्रत्यक्ष मेण घेऊन वाचायला सांगेन. निरांजनापाशी बसावं, एक एक गुण जाताना मोजावा. तसं केलं की कळतं, देकार्त इथे माहिती देत नाहीये, तो आपल्याकडून एक कृती करून घेतोय. पुस्तक सारं 'मी'मध्ये लिहिलेलं आहे, आणि हा 'मी' वाचकानं स्वतः व्हायचा आहे. आजऱ्यात जन्मलेल्या शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' ज्यांनी वाचली, त्यांना ही लेखनाची युक्ती ओळखीची वाटेल. कर्ण, कुंती, वृषाली आपापल्या तोंडानं बोलतात तेव्हा वाचक त्या त्या 'मी'च्या आत जाऊन बसतो. देकार्तचा 'मी' त्याहून उघडावाघडा आहे. त्याला गाव नाही, आई-बाप नाहीत, काही काळ तर शरीरही नाही. त्यानं सगळ्याच गोष्टींवर संशय घेतलाय, आणि संशय घेणारा कुणीतरी आहे एवढंच त्याच्यापाशी उरलंय.

त्या १६४१च्या पुस्तकाची आणखी एक गोष्ट वर्गात सांगितली जात नाही, आणि मराठी विद्यार्थ्याला ती आधी सांगायला हवी. देकार्तनं छपाईआधी हस्तलिखित विद्वानांकडे फिरवलं, त्यांचे आक्षेप मागवले आणि ते आक्षेप, त्यांवरच्या आपल्या उत्तरांसकट, त्याच पुस्तकात छापले. पहिल्या आवृत्तीत आक्षेपांचे सहा संच आहेत. आक्षेप घेणाऱ्यांत इंग्लंडचा हॉब्ज आहे, गासेंदी आहे, आणि एकोणतिशीतला आर्नो आहे. आर्नोनं वर्मावर बोट ठेवलं. देकार्त म्हणतो, जे मला स्वच्छ आणि स्पष्ट कळतं ते खरं, कारण ईश्वर मला फसवणार नाही. आणि ईश्वर आहे हे कशावरून? तर ते मला स्वच्छ आणि स्पष्ट कळतं म्हणून. आपल्याकडे न्यायशास्त्राच्या पाठशाळेतला विद्यार्थी हे ऐकून लगेच म्हणाला असता, हा अन्योन्याश्रय दोष झाला. दोन गोष्टी एकमेकींच्या खांद्यावर उभ्या.

पूर्वपक्ष आधी मांडायचा, तोही समोरच्याला मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे, मग त्याचं खंडन, मग सिद्धांत, ही रीत आपल्याकडे शेकडो वर्षं चालत आली. देकार्तचं पुस्तक त्या रीतीनं वाचलं तर भराभर उलगडतं. पूर्वपक्ष सोडून नुसता सिद्धांत घोकला की तेच पुस्तक निर्जीव होतं. गाइडांमध्ये तेच घडतं.

पुस्तकाबाहेरचा एक आक्षेप तर माझ्या मते सगळ्यांत सरळ आहे. मे १६४३मध्ये बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिनं देकार्तला पत्र लिहिलं. तिच्या वडिलांचं राज्य गेलेलं, कुटुंब हेगला आश्रयाला होतं, तिचं वय चोवीस. तिनं विचारलं, मनाला लांबी-रुंदी नाही, ते जागा व्यापत नाही, असं तुम्ही म्हणता. तर ते शरीराला ढकलतं कसं? मी हात उचलायचं ठरवते आणि हात उचलला जातो, यात नेमकं काय कशाला लागतं? देकार्तनं उत्तर दिलं, तिचं समाधान झालं नाही, आणि तिनं तसं लिहून कळवलं. हा पत्रव्यवहार तो मरेपर्यंत चालला. १६४४चं आपलं पुस्तक त्यानं तिलाच अर्पण केलं. पुढच्या दोन शतकांत इतिहास लिहिले गेले आणि अभ्यासक्रमाच्या यादीतून ही बाई गळाली. तिचा प्रश्न मात्र आजही मेंदूवर काम करणाऱ्यांच्या टेबलावर आहे.

दुसरी वस्तू, घनसाळ.

आजरा घनसाळ तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आखूड दाणा, आणि भात शिजायला लागला की शेजारच्या घरापर्यंत जाणारा वास. त्याच बियाण्याला दुसऱ्या मातीत हा वास तसा येत नाही, असं इथले शेतकरी सांगतात, आणि मानांकनामागचं मुख्य म्हणणंही गाव, माती आणि वास यांच्या नात्याचंच आहे. आता या वासाबद्दल जॉन लॉक काय म्हणाला असता?

लॉकचा मोठा ग्रंथ १६८९च्या अखेरीस बाहेर आला. त्यात तो गुणांचे दोन गट करतो. आकार, संख्या, हालचाल, घनता हे वस्तूचे स्वतःचे गुण. दाणा आखूड आहे, तो कुणी बघो न बघो. पण वास, चव, रंग, ऊब हे गुण वस्तूत जसेच्या तसे नसतात. वस्तूत असते ती आपल्यात तसा अनुभव उठवण्याची शक्ती. लॉकचं एक उदाहरण थंडीतल्या सकाळी कुणालाही करून पाहता येतं. एक हात बंबाच्या कढत पाण्याजवळ शेकून घ्या, दुसरा हात बाहेर गारठू द्या, आणि दोन्ही हात एकाच कोमट पाण्याच्या बादलीत घाला. एका हाताला पाणी गार लागेल, दुसऱ्याला ऊन. एकच पाणी एकाच वेळी गारही आणि ऊनही असू शकत नाही. मग गारवा पाण्यात होता की हातात?

घनसाळच्या वासाचंही तसंच. सुवासिक तांदळांच्या वासामागचा रेणू आज रसायनशास्त्राला माहीत आहे. तो दाण्यात आहे, तो मोजता येतो. पण त्या रेणूला स्वतःला वास नाही. वास सुरू होतो तो नाकापाशी. म्हणजे मानांकनाचं प्रमाणपत्र दाण्याला दिलं की दाणा आणि नाक यांच्या जोडीला? मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण बाजारात पैसे मोजले जातात ते वासाचे, आणि शेतकरी पिकवतो तो दाणा.

इथे बर्कली येतो आणि लॉकचाच युक्तिवाद लॉकवर उलटवतो. १७१०चं त्याचं पुस्तक. तो म्हणतो, गारवा हातागणिक बदलतो म्हणून तो मनातला म्हणता, तर मग आकारही बघणाऱ्यागणिक बदलतो. जवळून मोठा, लांबून लहान. मग आकार तरी वस्तूचा स्वतःचा कसा? बर्कली इथून फार लांब गेला. जे अनुभवलं जात नाही ते असतं असं म्हणायला अर्थच नाही, इथपर्यंत. तिथवर त्याच्याबरोबर जायचं की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण लॉकची सोयीची विभागणी त्याच्या एका धक्क्यानं डळमळली, हे मान्य करावं लागतं.

तिसरी गोष्ट वस्तू नाही, काम आहे. धूळवाफ.

मेच्या अखेरीस या पट्ट्यात भाताची धूळवाफ पेरणी होते. जमीन कोरडी, ढेकळं फोडून केलेली धूळ, वर ऊन, आभाळात ढग असला तर असला. आणि माणूस घरातलं बियाणं त्या धुळीत टाकतो. कोणी रोहिणीचा पेरा म्हणतात. हे बियाणं उगवायचं ते पुढच्या पावसावर. मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो आणि पाऊस येतो, या भरवशावर.

डेव्हिड ह्यूमनं १७३९ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, एक जाडजूड ग्रंथ छापला. त्याच्याकडे तेव्हा फारसं कुणी पाहिलं नाही. त्यात तो हेच विचारतो. आजवर असं झालं म्हणून पुढेही असं होईल, हे कशावरून? पाऊस न येणं तर्काला अशक्य आहे का? मुळीच नाही. कोरडा जून डोळ्यांसमोर आणता येतो, त्यात काही विसंगती नाही. मग अनुभवावरून म्हणावं, तर अनुभव हा झालेल्या पावसांचा आहे, येणाऱ्याचा नाही. 'आजवर मागचं पुढे चालत आलं, म्हणून यापुढेही चालेल' असं म्हटलं, तर जे सिद्ध करायचं तेच आपण गृहीत धरलं.

यावर पहिली प्रतिक्रिया अशी येते की हा माणूस शेतकऱ्याला मूर्ख ठरवतोय. ते उलट आहे. ह्यूमचं उत्तर असं की या भरवशाच्या मुळाशी युक्तिवाद नाहीच. मुळाशी सवय आहे. ढग आणि पाऊस, आग आणि ऊब, पुन्हा पुन्हा जोडीनं आले की एक दिसताच मन दुसऱ्याकडे आपोआप जातं. ही सवय नसती तर कुणी पेरलं नसतं, कुणी जेवलं नसतं, ह्यूमनंही नाही. कार्यकारणाचा संबंध म्हणून आपण जो बाहेर बघतो, तो मनाच्या या ओढीचा जगावर पडलेला रंग आहे. धूळवाफ करणारा माणूस बियाणं टाकताना कुठलंही अनुमान मांडत नाही, हे आजऱ्यातल्या कुणालाही सांगायला नको.

आपल्याकडच्या चार्वाकानंही अनुमानावर असाच घाव घातला होता. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे, असं नैयायिक म्हणतो. त्याला आधार 'जिथे जिथे धूर तिथे तिथे आग' या व्याप्तीचा. चार्वाक विचारतो, सगळे धूर पाहिलेत का? होऊन गेलेले, होणारे, नजरेआडचे? चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त हे पहिल्याच प्रकरणात आलं आहे. 'ह्यूमच्या आधी आपल्याकडे हे होतं' एवढं बोलून छाती फुगवण्यात मात्र काही हशील नाही. फरक कुठे पडतो ते पाहिलं तरच अभ्यास होतो. चार्वाक अनुमान हे प्रमाण नाही असं सांगतो. ह्यूम त्यापुढे एक पाऊल टाकून विचारतो, प्रमाण नसतानाही आपल्याला त्यावर विश्वास ठेवल्याशिवाय राहवत का नाही? दुसरा प्रश्न माणसाच्या स्वभावाचा आहे, आणि ह्यूमच्या ग्रंथाच्या नावातही तोच विषय आहे.

कांटबद्दल इथे थोडंच. ह्यूमनं आपली झोप मोडली असं त्यानं स्वतः लिहिलं आहे. १७७० नंतरची जवळजवळ अकरा वर्षं त्यानं फारसं काही छापलं नाही आणि १७८१ साली त्याचा शुद्ध बुद्धीच्या चिकित्सेचा ग्रंथ आला. सुरुवातीला एवढं धरून चालावं: ह्यूम म्हणाला, कार्यकारण अनुभवात सापडत नाही. कांट म्हणाला, खरंय, सापडणार नाहीच, कारण अनुभव बनतोच त्या चौकटीत. आपण ती चौकट अनुभवातून शिकत नाही, ती घेऊनच अनुभवाकडे जातो. याच्या पुढचं सगळं अवघड आहे आणि त्याला सहा महिन्यांचा वेळ द्यावा लागतो. दोन तासिकांत कांट उरकणं हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे.

आता यादीकडे. देकार्त, स्पिनोझा, लायब्नित्स हे तीन बुद्धिवादी. लॉक, बर्कली, ह्यूम हे तीन अनुभववादी. आणि दोघांचं भांडण मिटवणारा कांट. ही मांडणी इतकी नेटकी आहे की ती त्या माणसांनीच ठरवून केली असावी असं वाटतं. त्यांच्यातल्या एकालाही ती माहीत नव्हती. एकोणिसाव्या शतकात कांटच्या बाजूनं मागे वळून पाहणाऱ्या इतिहासकारांनी ती बसवली. त्यातला एक मोठा माणूस कूनो फिशर. त्याचा अनेक खंडांचा इतिहास १८५२पासून निघू लागला. त्यानं स्पिनोझावर आस्थेनं लिहिलं, आणि १८५३ साली हायडेलबर्ग विद्यापीठात शिकवण्याची त्याची परवानगी काढून घेण्यात आली; आरोप सर्वेश्वरवादाचा. याच हायडेलबर्गनं १६७३ साली स्पिनोझाला प्राध्यापकी देऊ केली होती. भिंगं घासून पोट भरणाऱ्या स्पिनोझानं ती नाकारली, कारण विचार करण्याचं स्वातंत्र्य तिथे कुठपर्यंत मिळेल याची त्याला खात्री नव्हती. एकशेऐंशी वर्षांनी त्याच्या इतिहासकाराला त्याचं प्रत्यंतर आलं.

तीन विरुद्ध तीन ही मांडणी टाकून द्या असं मी म्हणणार नाही. नकाशा म्हणून ती चालते. पण ती माणसं एकमेकांशी बोलत होती हे तिच्यात हरवतं. लायब्नित्सनं लॉकचा ग्रंथ कलमवार वाचून त्याला संवादाच्या रूपात सविस्तर उत्तर लिहिलं. उत्तर तयार होईतो १७०४च्या ऑक्टोबरात लॉक वारला. ज्याला आता बोलता येत नाही त्याचं खंडन छापणं लायब्नित्सला बरं वाटलं नाही. हस्तलिखित पडून राहिलं आणि १७६५ साली, लायब्नित्सलाही जाऊन जवळजवळ पन्नास वर्षं झाल्यावर, छापलं गेलं. पूर्वपक्षाला बोलायची संधी हवी, ही जाण या एका गोष्टीत जेवढी दिसते तेवढी क्वचित दिसते.

मराठी माणूस या विषयात कधी शिरला? कोल्हापूर भागातलं उच्च शिक्षण राजाराम कॉलेजात १८८०पासून सुरू झालं. विद्यापीठ आधी मुंबईचं, मग पुण्याचं, आणि १९६२पासून कोल्हापूरचं स्वतःचं शिवाजी विद्यापीठ. पण विषयाची खरी झोंबाझोंबी आधी पुण्यात, डेक्कन कॉलेजात झाली. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर तिथे शिकले. त्यांच्या पिढीनं मिल आणि स्पेन्सर वाचले तेव्हा मिलला जाऊन थोडीच वर्षं झाली होती आणि स्पेन्सर हयात होता. त्यांच्यासाठी हे तत्त्वज्ञान शब्दशः आधुनिक होतं.

आगरकरांचा आणि कोल्हापूरचा संबंध तुरुंगाचा आहे. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होतो असा आरोप दिवाण बर्व्यांवर करणारी पत्रं 'केसरी'नं विश्वासानं पुढे आणली. खटला झाला, पत्रं बनावट निघाली, आणि १८८२ साली टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. आगरकरांनी त्या १०१ दिवसांवर पुढे पुस्तक लिहिलं. मला या प्रकरणात एक गोष्ट सतत दिसते. पुरावा म्हणजे काय, साक्ष कधी मानावी, हे पुस्तकातून शिकलेल्या तरुणाला तेच प्रश्न अंगावर झेलावे लागले, आणि राजाविषयीच्या कळकळीपायी खोटा कागद खरा वाटला. पुढे 'सुधारका'त, १८८८पासून, रूढीला पुरावा मागताना त्यांची लेखणी जी धार धरते, तिच्यामागे हा अनुभवही असावा असं मला वाटतं.

टिळकांनी तर हा सारा विषय मराठीत आणून बसवला. मंडालेच्या तुरुंगात १९१०–११च्या हिवाळ्यात त्यांनी शिसपेन्सिलीनं 'गीतारहस्य' लिहिलं. ते १९१५ साली छापलं गेलं. त्यात मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन हे सगळे पूर्वपक्ष म्हणून किंवा साक्षीदार म्हणून येतात. एका प्रकरणाचं नावच 'आधिभौतिक सुखवाद'. आधिभौतिक, आधिदैविक, आध्यात्मिक हे आपले जुने शब्द त्यांनी फ्रान्सच्या कोंतच्या विचारपद्धतींशी नेऊन भिडवले. निष्कर्ष पटोत न पटोत, परक्या विचाराला आपल्या भाषेत उभं करून त्याच्याशी भांडायचं कसं, याचा हा धडा आहे.

१९१६ साली प्रताप शेठजींनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढलं. खानदेशातल्या गिरणीच्या गावात तत्त्वज्ञानासाठी वाहिलेली संस्था. साने गुरुजीही काही काळ तिथे होते. बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३०च्या दशकात तिचे संचालक होते. 'स्वराज इन आयडियाज' हे व्याख्यान त्यांचंच. राजकीय गुलामी दिसते, विचारांतली दिसत नाही, म्हणून परक्या कल्पना आपल्या संकल्पनांच्या कसोटीवर घासूनच घ्याव्यात, हे त्यातलं सूत्र. पुढे सत्तरच्या दशकात ग. ना. जोशी यांनी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास तीन खंडांत मराठीत लिहिला आणि दे. द. वाडेकरांनी तत्त्वज्ञानाचा महाकोश तडीस नेला. मे. पुं. रेगे तर मुंबईच्या कीर्ती कॉलेजातून वाईच्या विश्वकोशापर्यंत आयुष्यभर हेच काम करत राहिले. कांटसारखा माणूस मराठी वाक्यात न मोडता कसा बसवायचा, हे त्यांच्या विश्वकोशातल्या नोंदींवरून शिकावं. आज त्या मोबाइलवर फुकट वाचता येतात, आजऱ्यातही.

तरी एक अडचण उरते, आणि ती वर्गात मुद्दाम काढावी अशी आहे. ह्यूम मनातल्या गोष्टींचे दोन प्रकार करतो. एक ताजा, जिवंत: आता बसलेला चटका, आता येणारा वास. त्याला तो 'इम्प्रेशन' म्हणतो. दुसरा त्याची फिकी नक्कल: उद्या आठवलेला चटका. त्याला तो 'आयडिया' म्हणतो. आता पहिल्या शब्दाला मराठी काय? शब्दकोश उघडला की 'संस्कार' समोर येतो, आणि अनेक विद्यार्थी तोच लिहितात. पण आपल्या दर्शनांत संस्कार म्हणजे अनुभव संपल्यावर मागे उरतो तो, ज्यातून पुढे स्मरण उठतं. म्हणजे ह्यूमचा पहिला प्रकार म्हणून आपण जो शब्द वापरला, तो त्याच्या दुसऱ्या प्रकाराच्या घरातला निघाला. सगळा ह्यूम उलटा टांगला गेला. 'संवेदन' म्हणावं, तर त्यात राग आणि भीती येत नाहीत, आणि ह्यूमला त्या हव्या आहेत. 'प्रत्यय' जवळचा आहे, पण तो बरेच जण 'आयडिया'साठी वापरून बसलेत.

मग कुणीतरी म्हणतं, 'ठसा' म्हणा. साधा शब्द आहे, घरातला आहे, मूळ इंग्रजी शब्दाच्या अगदी जवळचा आहे. सगळ्यांना पटतो. मेणावर शिक्का दाबला की उठतो तो ठसा. आणि मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो: पण ठसा दिसतो तो शिक्का उचलल्यावर ना, सर?